किन्नौरच्या चिलगोज्याला रोपे का नाहीत?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर आपल्या दैनिकात सुक्या मेव्याच्या भावांविषयी बातमी आली होती. तिच्यात चिलगोजा किलोला काही हजार रुपयांवर गेल्याचा उल्लेख होता आणि ‘आवक कमी’ एवढेच त्याचे कारण दिले होते. बाजारभावाच्या बातमीला तेवढे पुरेसे आहे, हे मला मान्य आहे. परंतु ज्या झाडाचे हे बी आहे त्याविषयी मराठी वर्तमानपत्रांत जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर दोनदा हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात मुक्कामाला राहून ही झाडे जवळून पाहिली. तिथे जे पाहिले त्याने मी अस्वस्थ झालो, म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र.

चिलगोजा हे पाइनचे म्हणजे सूचिपर्णी वृक्षाचे बी आहे, हे अनेकांना सांगितल्यावर आश्चर्य वाटते. बदाम, काजू यांच्या बागा असतात, तशी चिलगोज्याचीही असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात बाजारात येणारा चिलगोजा रानातल्या आपोआप वाढलेल्या झाडांवरून उतरवलेला असतो. वनस्पतिशास्त्रात या झाडाला ‘पायनस जेरार्डियाना’ म्हणतात. जेरार्ड नावाच्या एका ब्रिटिश कॅप्टनच्या नावावरून हे नाव पडले. किन्नौरमध्ये याच्या बियांना ‘न्योजा’ असेही म्हणतात. पूर्व अफगाणिस्तान, पाकिस्तानातील सुलेमान पर्वत व चित्राळ-गिलगितचा डोंगराळ भाग आणि आपल्याकडे मुख्यतः किन्नौर व चंबा जिल्ह्यातील पांगी-भरमौरचा परिसर एवढीच याची वस्ती, आणि तीही सलग नव्हे, तर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० ते ३,३५० मीटर उंचीवर हे झाड वाढते. म्हणजे आपल्या कळसूबाईचा माथा (१,६४६ मीटर) जिथे संपतो त्याच्याही वर याचा मुलूख सुरू होतो.

सतलजच्या खोऱ्यातून वर जाताना वांगतू मागे पडले, की हिरवा हिमालय हळूहळू कोरडा होऊ लागतो. पावसाळी ढग इथवर पोचेपर्यंत रिते झालेले असतात आणि जमिनीला मिळणारी ओल बव्हंशी हिवाळ्यातल्या बर्फाची असते. अशा उभ्या, खडकाळ, पाय ठेवला तर दगड घरंगळत जावा अशा उतारांवर चिलगोजा उभा असतो. त्याचे खोड मला फार सुंदर वाटते. साल पापुद्र्यांनी सुटून गळते आणि खाली राखाडी-हिरवट, मध्येच पांढुरके असे गुळगुळीत ठिपके दिसतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला परसातल्या पेरूच्या खोडाची आठवण झाली. पाने सुईसारखी, तीन-तीनच्या जुडग्यात. वाढ अत्यंत संथ. जिथे देवदारसुद्धा सावलीची आणि ओलीची बाजू शोधतो, तिथे उन्हाच्या बाजूला हे झाड खडकाच्या फटींत मुळे घालून माती धरून ठेवते. त्या उतारांवर त्याची जागा घेऊ शकेल असा दुसरा मोठा वृक्ष फारसा नाही.

पहिल्या मुक्कामात दोन दिवस अशा रानात हिंडल्यावर माझ्या लक्षात आले, की आपण एकही रोप पाहिलेले नाही. मोठी झाडे होती, काही तर शंभरी ओलांडलेली असावीत. मधल्या वयाचीही थोडी होती. परंतु गुडघ्याएवढे, कमरेएवढे, माणसाच्या उंचीचे असे एकही झाड दिसले नाही. पुढच्या खेपेस मुद्दाम शोधत फिरलो, तेव्हा मेंढ्या जिथे पोचू शकत नाहीत अशा एका कड्याच्या खोबणीत दोन लहान रोपे सापडली. मी काही संशोधन करायला गेलो नव्हतो आणि माझ्या दोन फेऱ्यांना सर्वेक्षण म्हणता येणार नाही. पण चिलगोज्याच्या जंगलात नैसर्गिक पुनरुत्पादन अत्यल्प, काही ठिकाणी जवळजवळ शून्य आहे, हे वनशास्त्रज्ञ कित्येक वर्षे नोंदवत आले आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, या वृक्षाला संकटग्रस्ततेच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींमध्ये घातले आहे. उंबरठ्यावर हा शब्द ऐकून निश्चिंत होण्याचे कारण नाही. झाड दीर्घायुषी असल्याने ते आज मोजणीत दिसते. त्याच्यामागून येणारी पिढी जन्मलीच नाही, ही गोष्ट मोजणीत दिसायला पन्नास-शंभर वर्षे लागतील आणि तोवर उपाय करण्याची वेळ टळून गेलेली असेल.

असे का झाले, हे समजण्यासाठी या झाडाचा शंकू कसा वाढतो ते पाहावे लागते. मे-जूनमध्ये परागीभवन झालेला शंकू त्याच वर्षी पिकत नाही. तो हिवाळाभर फांदीवर बोंडासारखा लहान राहतो, दुसऱ्या वर्षी भरतो आणि त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पक्व होतो. त्यामुळे काढणीच्या हंगामात एकाच झाडावर दोन वर्षांचे पीक असते: यंदाचे तयार शंकू आणि त्यांच्याच आसपास, फांदीच्या टोकाकडे, पुढच्या वर्षीचे कोवळे शंकू. काढणारा जर सवडीने, आकड्याच्या काठीने एकेक शंकू ओढून काढत असेल तर कोवळे शंकू वाचतात. घाईत असेल तर तो फांदीच तोडतो, आणि एका घावात दोन वर्षांचे पीक खाली येते. शिवाय ती फांदी पुन्हा फळावर यायला काही वर्षे जातात. चांगले पीक मुळातच दरवर्षी येत नाही, काही वर्षांच्या अंतराने येते. तेव्हा यंदा आवक कमी असण्याचे काही कारण निसर्गाच्या या लयीत असेलही. परंतु पाच वर्षांपूर्वी तोडलेल्या फांद्यांतही ते असू शकते, हे आपण विसरू नये.

दुसरी गोष्ट बियांची. चीड किंवा कैल या पाइनच्या बियांना पातळ पंख असतो आणि वाऱ्यावर भिरभिरत त्या दूर जाऊन पडतात. चिलगोज्याचे बी दोन सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि जड असते, आणि त्याचा पंख नावापुरताच उरलेला असतो. वारा त्याला नेऊ शकत नाही. ते काम नटक्रॅकर हा कावळ्याच्या कुळातला पक्षी करतो. शंकू फोडून तो बिया काढतो, खातो आणि हिवाळ्याची बेगमी म्हणून जागोजागी मातीत पुरून ठेवतो. पुरलेल्यांपैकी ज्या खायच्या राहून जातात त्यांना आयती जमीन, आयती खोली आणि बर्फाची ओल मिळते. बियांत निम्म्याच्या आसपास तेल असते. बर्फाच्या मुलखात प्राण्यांना त्याचे मोल किती असेल ते सांगायला नको. आता ज्या झाडावरचा शेवटचा शंकूही माणसाने उतरवला, त्याच्याखाली पक्ष्याने काय पुरावे? आपल्या वाटीत येणारा प्रत्येक चिलगोजा हे एक बी आहे, ही साधी गोष्ट मी विद्यार्थ्यांना इतकी वर्षे शिकवली, आणि तिचा खरा अर्थ त्या रोपे नसलेल्या रानात उभा राहिल्यावर मला कळला.

यात दोष किन्नौरच्या गावकऱ्यांच्या माथी मारणे हा मोठा अन्याय होईल. तिथल्या गावांना आपापल्या रानातून चिलगोजा गोळा करण्याचे परंपरागत हक्क आहेत. लग्नात आणि पाहुण्यांच्या स्वागतात चिलगोज्याच्या माळा घालण्याची तिथे रीत आहे. जे बी गळ्यात घालून मान देतात त्याची किंमत त्यांना आपण काय शिकवावी? ज्यांच्या घरी मी उतरलो होतो तिथल्या आजींनी सांगितले, की पूर्वी गावातली माणसे मिळून रानात जात, शंकू घरी आणून ढीग घालत, खवले उघडले की बडवून बिया काढत आणि हात डिंकाने आठवडाभर चिकट राहत. आता घरटी माणसे कमी, सफरचंदाचा हंगामही नेमका त्याच सुमारास, आणि झाडावर चढणे जोखमीचे. म्हणून अनेक ठिकाणी गावाचे रान हंगामापुरते ठेकेदाराला दिले जाते आणि तो बाहेरून मजूर आणतो. मजुराला वजनावर पैसे मिळतात, ठेकेदाराचा करार एका हंगामाचा असतो. पुढच्या वर्षीचा कोवळा शंकू जपण्यात दोघांचाही काडीचा लाभ नाही. फांदी तुटते ती इथे. आपल्याकडे चारोळीच्या झाडाचे हाल अशाच रीतीने झाले आहेत: दुसरा कोणी आधी नेईल या धास्तीने फळ कच्चे असतानाच फांद्या छाटल्या जातात. ज्यांनी पूर्व विदर्भातली जंगले पाहिली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

इथे एक तुलना करावीशी वाटते. अमेरिका आणि कॅनडातील रॉकी पर्वतांत ‘व्हाइटबार्क पाइन’ नावाचा असाच उंचावरचा वृक्ष आहे. त्याच्याही बियांना पंख नसतात आणि त्याही नटक्रॅकरच पुरतो. अस्वलांनासुद्धा त्या बियांचा मोठा आधार असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बाहेरून आलेल्या एका बुरशीजन्य रोगाने आणि पुढे खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या साथींनी त्या झाडांचा इतका संहार केला, की डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी सरकारला त्याला कायद्याने संकटग्रस्त ठरवावे लागले. तिथले शास्त्रज्ञ आज रोगाला तोंड देऊ शकणारी झाडे हुडकून, त्यांच्या शंकूंना पक्ष्यांपासून वाचवण्यासाठी जाळीच्या पिशव्या बांधून, त्या बियांची रोपे करत आहेत. त्यांचा शत्रू सूक्ष्म आणि जवळजवळ आवरता न येणारा आहे. आपल्या चिलगोज्यापुढचे सर्वांत मोठे संकट मात्र माणसाच्या हातातल्या कोयत्याचे आहे, आणि म्हणूनच ते टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे, असे मला मनापासून वाटते.

‘मग रोपे लावा’ असे कोणी म्हणेल. सिमल्याच्या हिमालयीन वन संशोधन संस्थेने चिलगोज्याची रोपे वाढवण्याच्या पद्धतींवर काम केले आहे, आणि ते मोलाचे आहे. परंतु रोपवाटिकेतले रोप सुरुवातीची वर्षे इतके संथ वाढते, की रानात लावण्याजोगे व्हायलाच बराच काळ जातो. लावल्यावर पाणी नाही, उतार सरकता, शेळ्यामेंढ्यांचे तोंड पडते. शिवाय रोपवाटिकेलाही बी लागतेच, आणि चांगल्या झाडाचे बी हवे तर त्या झाडावर शंकू राखून ठेवले पाहिजेत. म्हणजे फिरून प्रश्न तिथेच येतो.

याच कारणासाठी मला पर्यायी वनीकरण, म्हणजे तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपे लावणे, या सरकारी शब्दाची धास्ती वाटते. सतलज आणि तिच्या उपनद्यांवर गेल्या काही दशकांत एकापाठोपाठ एक जलविद्युत प्रकल्प झाले: १,५०० मेगावॅटचा नाथपा-झाकडी, ३०० मेगावॅटचा बास्पा-२, २०११ मध्ये सुरू झालेला १,००० मेगावॅटचा करछम-वांगतू. नदीचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून नेणारे हे प्रकल्प आहेत; त्यासाठी रस्ते कापावे लागतात, बोगद्यातून निघालेले दगडमातीचे ढिगारे कुठेतरी टाकावे लागतात आणि वीज बाहेर नेण्यासाठी उच्चदाब वाहिन्यांचे पट्टे रानातून साफ करावे लागतात. यात चिलगोज्याची झाडे गेली आहेत. कागदावर एका झाडामागे अनेक रोपे लावल्याचा हिशेब जुळतो. शंभर वर्षे खडक धरून बसलेल्या झाडाचे काम ती रोपे कधी करणार, याचा रकाना त्या कागदात नसतो. विजेची गरज मी नाकारत नाही. माझ्या घरातला दिवाही कोणत्या तरी नदीवर लागतो. परंतु जिथे डोंगरच कच्चा आहे, जिथे ११ ऑगस्ट २०२१ रोजी निगुलसरीला महामार्गावर दरड कोसळून २८ माणसे गेली, तिथल्या उतारावरचे झाड हे निव्वळ लाकूड आणि मेवा नसते, हे ठरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे. २०२१ मध्येच किन्नौरच्या तरुणांनी जंगी-ठोपन-पोवारी या सुमारे ८०० मेगावॅटच्या प्रस्तावित प्रकल्पाविरुद्ध ‘नो मीन्स नो’ ही मोहीम चालवली. त्याआधी २०१६ मध्ये लिप्पा गावच्या लोकांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने काशंग जलविद्युत प्रकल्पाच्या पुढील टप्प्यांसाठी वनजमीन देण्याचा विषय आधी ग्रामसभांपुढे ठेवावा, असा आदेश दिला होता. रानावरचे गावांचे हक्क मान्य करणारा वन हक्क कायदा २००६ चा, किन्नौर हा आदिवासींसाठी राखलेल्या अनुसूचित क्षेत्रातला जिल्हा. तरीही आपल्याच रानाविषयी आपल्याला विचारा, एवढ्यासाठी त्या गावाला न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागली.

ग्रामसभेचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण उपाय तिथेच आहे असे माझे मत आहे आणि त्याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या छोट्या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूपाने हे त्या भागातले हमखास रोख उत्पन्न. परंतु तेंदूसाठी झाडांची छाटणी होते, आगी लावल्या जातात आणि तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीची, फळे मिळेनाशी होतात, हा विचार करून पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच बंद केले आणि बांबूच्या शिस्तशीर तोडीवर आपली गुजराण उभी केली. रोजच्या मिळकतीवर पाणी सोडण्याचा निर्णय गरीब गावाने घेतला, कारण रान आपले आहे आणि उद्याही आपलेच राहणार आहे याची त्याला खात्री वाटली. किन्नौरच्या गावांना चिलगोज्याच्या रानाविषयी अशीच कायद्याची पक्की हमी मिळाली, तर झाडामागे ठरावीक शंकू न उतरवता ठेवणे, आळीपाळीने काही रान एखाददोन हंगाम बंद ठेवणे, फांदी तोडणाऱ्या ठेकेदाराला पुढच्या वर्षी रान न देणे आणि रोपे येतील त्या जागी मेंढ्यांना मज्जाव करणे, हे नियम ती स्वतःच करतील आणि पाळतीलही. वन खात्याने आकड्याच्या चांगल्या काठ्या, चढण्याची सुरक्षित साधने आणि गावाला थेट विक्रीची सोय द्यावी. ठेकेदाराच्या वाट्याचा पैसा गावात राहिला, तर झाडावर सोडलेल्या शंकूंची तूट सहज भरून निघेल.

आपण ग्राहकांनी चिलगोजा खाणे सोडावे, असे मी म्हणणार नाही. त्याने किन्नौरच्या कुटुंबांचे हातातले उत्पन्न जाईल आणि ज्या झाडापासून काही मिळत नाही त्याची जागा उद्या सफरचंदाची बाग घेईल. तसे काही ठिकाणी झालेही आहे. शिवाय मुंबई-पुण्याच्या बाजारात येणाऱ्या चिलगोज्यातला मोठा वाटा अफगाणिस्तानचा असतो, आणि तिथली जंगले युद्धाच्या वर्षांत कशी भरडली गेली हे वेगळे सांगायला नको. मे २०२२ मध्ये पाकिस्तानच्या शेरानी जिल्ह्यात सुलेमान पर्वतावरच्या चिलगोज्याच्या विस्तीर्ण जंगलाला आग लागली, तीत तीन माणसे दगावली आणि ती विझवण्यासाठी इराणहून विमान आणावे लागले. त्या जळालेल्या उतारांवर पुन्हा रान उभे राहायचे तर आजूबाजूच्या जिवंत झाडांवर बी राहू द्यावे लागेल. तीन देशांत मिळून जे उरले आहे ते एवढेच आहे.

दरवर्षी महाराष्ट्रातून कितीतरी मंडळी कल्पा, सांगला, स्पितीच्या सहलींना जातात. त्यांची गाडी रेकाँग पिओहून पुढे निघाली, की रिब्बा, अक्पा, जंगी या भागात रस्त्याच्या वरच्या अंगाला ही झाडे दिसतात. माझी त्यांना विनंती आहे, की घटकाभर थांबून त्या झाडांखाली रोपे शोधावीत. आणि गावात चिलगोजा विकत घ्यावा, तो शक्यतो काढणाऱ्याच्या घरून घ्यावा, आणि घेताना भावाबरोबर एवढे विचारावे: यंदा झाडावर किती शंकू ठेवलेत?

आपला विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
सातारा